एवढी चांगली इम्युनिटी, मग क्लॅमिडिया झालाच कसा?

क्लॅमिडिया, म्हणजे लैंगिक संबंधांतून पसरणारा एक जीवाणूचा संसर्ग, याबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं नीट लिहून टाकते. प्रश्न साधारण असा असतो, "मला साधी सर्दीपण कधी होत नाही, इम्युनिटी चांगलीये, मग क्लॅमिडिया झालाच कसा? आणि आता होऊन गेला म्हणजे कांजिण्यांसारखा परत नाही ना होणार?" मेसेज बहुतेक वेळा रात्री उशिरा येतो आणि सुरुवातीला "मित्रासाठी विचारतोय" असं असतं. चालतं, मित्राचंही भलं होवो. मी डॉक्टर नाही, पण काही वर्षं लॅबमध्ये हाच जीवाणू वाढवायचं काम केलंय, म्हणून लोक माझ्याकडे येतात.

तर सर्दी होत नाही याचा इथे काही उपयोग नाही. हा जीवाणू पेशीच्या आत शिरल्याशिवाय वाढूच शकत नाही. बाहेर असतो तेव्हा नुसता एक टणक कण, ०.३ मायक्रॉनच्या आसपास, गर्भाशयाच्या मुखाच्या नाहीतर मूत्रमार्गाच्या अस्तरातल्या पेशीला चिकटला की पेशीच त्याला आत ओढून घेते, मग तो फुगतो, पडद्याच्या एका फुग्यात बसून एकाचे दोन, दोनाचे चार होत राहतो, आणि दोन-तीन दिवसांत पेशी फोडून शेकडो नवे कण शेजारच्या पेशींकडे निघतात. आम्ही जुन्या पद्धतीने त्यावर आयोडीन टाकायचो, फुग्यात ग्लायकोजेन (साखरेचा साठा) साठलेलं असतं त्यामुळे केंद्रकाशेजारी तपकिरी डाग उमटायचा, मला तो बघायला फार आवडायचं (हे सांगितलं की लोक जरा लांब सरकून बसतात). १९०७ साली हॅल्बरस्टेटर आणि प्रोवाझेक यांनी जावामध्ये ट्रॅकोमा या डोळ्याच्या आजाराच्या (तोही याच जीवाणूमुळे होतो) नमुन्यांत हेच पाहिलं, केंद्रकावर काहीतरी पांघरल्यासारखं, आणि खांद्यावरून पांघरायच्या झग्याला ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्यावरून नाव पडलं.

शरीराला याचा पत्ता लागत नाही असं समजू नका. ज्या पेशीत तो बसलाय तीच पेशी ओरडायला लागते, आयएल-१, आयएल-६, आयएल-८ असे निरोप सोडते, आणि त्यामागे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गर्दी करतात. हे सगळं चाललेलं असतं आणि माणसाला पत्ताच नसतो! बहुतेक बायकांना आणि निम्म्याच्या आसपास पुरुषांना काहीही लक्षण नसतं, ना जळजळ ना स्राव. त्यामुळे "काही त्रास नाही म्हणजे माझ्या इम्युनिटीने दाबून ठेवलंय" हे मला कुणी म्हणालं की मी गप्प बसते, कारण त्याचं उत्तर लांबलचक आहे. म्हणजे हे पुढचं.

अँटीबॉडी तयार होतात, भरपूर होतात, पण त्या बाहेरच्या कणालाच पकडू शकतात, फुग्यात बसलेल्याचं काही करू शकत नाहीत. खरं काम टी पेशींचं, म्हणजे पांढऱ्या पेशींच्याच आणखी एका प्रकाराचं, त्यातही सीडी४ नावाच्या टी पेशींचं. त्या येतात आणि इंटरफेरॉन-गॅमा नावाचा निरोप सोडतात, आणि हा इंटरफेरॉन जे करतो ते मला आजही भारी वाटतं. तो जीवाणूला हात लावत नाही, पेशीला सांगतो की आपल्याकडचं ट्रिप्टोफॅन संपवून टाक. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल, जीवाणूला प्रोटीन बनवायला लागतंच, आणि पेशी आयडीओ नावाच्या एन्झाइमने ते मोडून टाकते. थोडक्यात पाहुणा जात नाही तर घरातलं धान्यच संपवायचं.

बऱ्याचदा हे चालतंही, जीवाणू मरतो. पण कधीकधी तो मरायच्या ऐवजी वाढ थांबवून, वेडावाकडा फुगून नुसता पडून राहतो, लॅबमध्ये तर हे अगदी स्पष्ट दिसतं, आणि ट्रिप्टोफॅन परत मिळालं की पुन्हा सुरू. दुसरी गंमत म्हणजे या जीवाणूच्या जननमार्गातल्या प्रकारांकडे इंडोल नावाच्या रसायनापासून स्वतःच ट्रिप्टोफॅन बनवायची सोय असते, डोळ्यातल्या ट्रॅकोमावाल्या प्रकारांनी ती गमावलेली आहे. आता इंडोल कुठून येणार? योनीतले चांगले लॅक्टोबॅसिलस कमी होऊन दुसरे जीवाणू वाढले की त्यातले काही इंडोल तयार करतात. म्हणजे आपण धान्य संपवलं आणि शेजारी मागच्या दाराने पीठ देतोय. एकाच जीवाणूचा संसर्ग दोघींमध्ये वेगळा का वागतो, याचं हे एक कारण असू शकतं.

मग आपोआप जातो का? जातो, औषध न घेता साधारण निम्म्या लोकांचा वर्षभरात जातो. हे वाक्य मी लिहायला कचरते, कारण लोक तेवढंच वाचतात. त्या वर्षात जीवाणू वर चढून बीजवाहिन्यांपर्यंत, म्हणजे ट्यूबपर्यंत जाऊ शकतो, आणि तिथे नुकसान बऱ्याच अंशी आपल्याच प्रतिक्रियेने होतं. ट्यूबच्या आतल्या बारीक केसांसारख्या सिलिया बीजाला पुढे सरकवतात. लॅबमध्ये ट्यूबचे तुकडे जिवंत ठेवून त्यात संसर्ग केला तर त्या पेशी झडतात, पण आयएल-१ अडवलं तर वाचतात, आणि हे आयएल-१ आपलंच, आधी सांगितलेला तोच निरोप! सूज लांबली की व्रण, व्रण झाला की ट्यूब अरुंद किंवा बंद, पुढे मूल राहायला अडचण नाहीतर गर्भ ट्यूबमध्येच रुजणं. त्यामुळे "इम्युनिटी वाढवायला काय घेऊ" असं विचारलं की माझ्या पोटात गोळा येतो. नुसती जास्त प्रतिक्रिया कशाला हवीये, ती वेळेत उरकायला हवी.

परत होतो का, तर हो, आणि सर्रास होतो. थोडंफार संरक्षण मिळतं पण ते अर्धवट आणि तात्पुरतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात तपासणी आणि उपचार वाढवल्यावर केसेस आधी कमी झाल्या, मग परत वाढल्या, तेव्हा २००५ मध्ये तिथल्या संशोधकांनी म्हटलं की लवकर औषध दिल्याने शरीराला शिकायला वेळच मिळत नसेल. मला ही कल्पना पटण्यासारखी वाटते, पण म्हणून कुणी औषध टाळू नका, शरीराच्या या शिकवणीची फी ट्यूबने का भरायची. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक सात दिवस दिलं असेल तर सातही दिवस घ्या, आणि पार्टनरलाही औषध मिळू द्या, नाहीतर तोच जीवाणू परत तुमच्याकडे.

लसीचंही विचारता. १९६० च्या दशकात ट्रॅकोमाच्या लसी करून बघितल्या होत्या, संरक्षण फार टिकलं नाही आणि काही चाचण्यांत लस घेतलेल्यांना नंतर जास्त सूज आली, तेव्हापासून सगळे जपून आहेत. जननमार्गाच्या संसर्गावरच्या एका लसीची पहिली चाचणी २०१९ मध्ये छापून आली, ३५ बायका, लस सुरक्षित वाटली आणि अँटीबॉडीही आल्या, पण संसर्ग थांबतो का हे त्या चाचणीत बघायचंच नव्हतं.

आणि तो नेहमीचा शेवटचा मेसेज, "मग अँटीबॉडी टेस्ट करून बघू का बरा झालोय की नाही?" नको. अँटीबॉडी जुन्या संसर्गाच्याही राहतात, त्यातून आत्ताचं काही कळत नाही. लघवीची किंवा स्वॅबची पीसीआरसारखी टेस्ट करा, तीही औषध संपल्यावर लगेच नको, मेलेल्या जीवाणूचा डीएनए सापडून उगाच पॉझिटिव्ह येतो. साधारण तीन महिन्यांनी करा, मित्रालाही सांगा.