पालीचे पाय बघा, पाल नंतर हाकला

आमच्याकडे जळगाव साइडला उन्हाळ्यात ओट्यावरची ट्यूब लावली की पाखरं येतात आणि पाखरांमागे पाली, आणि घरात लगेच झाडू शोधायची धावपळ. माझं म्हणणं एवढंच की हाकलायच्या आधी पाय तरी बघा. पाल काचेच्या खिडकीला बाहेरून चिकटली ना की आतून मोबाईलचा टॉर्च मारा, बोटाखाली पांढरट आडव्या पट्ट्या दिसतात आणि मधोमध खाच, अगदी केळीच्या पानाला मधला दांडा असतो तशी. पट्ट्यांच्या दोन ओळी आणि बोटाचं शेवटचं बारीक पेर नखासकट या पट्ट्यांच्या गादीच्या वर मोकळं निघालेलं, हे असलं म्हणजे ती बहुतेक हेमिडॅक्टायलस या वंशातली (वंश म्हणजे जवळच्या जातींचा गट), आपल्या घरातल्या नेहमीच्या पाली सगळ्या यातल्याच. डिंक-बिंक काही नसतो बरं का पायाला, त्या पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारे लाखो केस असतात आणि ते भिंतीच्या इतके जवळ जातात की रेणूंच्या ओढीनेच पाल चिकटून राहते.

या वंशात जगभर दीडशेच्या वर जाती आहेत आणि भारतात नव्या अजून सापडतायत. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावरची जात २००८ मध्ये नोंदली गेली, तिचं नावच साताराएन्सिस. रत्नागिरीकडे एक आहे ती भिंतीवर नाही, जमिनीवर दगडांखाली राहते. आपल्याकडे शेतात निंबाच्या खोडावर जी मोठी करडी पाल असते ती लेशेनॉल्टी नावाची जात, सालीत अशी मिसळते की हात टेकायला गेलो की मगच पळते. घरात चुकचुक करणारी बऱ्याचदा फ्रेनेटस, तिच्या शेपटीवर बारीक काट्यांच्या ओळी असतात. पिवळ्या पोटाची मोठी दिसली तर फ्लॅविव्हिरिडिस.

या पालींना पापण्या नाहीतच, त्यामुळे पाल डोळा जिभेनेच चाटून साफ करते, हे एकदा जवळून बघाच. शेपूट तोडून पळते हे सगळ्यांना माहीत आहे, अंडी मात्र साधारण दोनच, कडक कवचाची, देवांच्या फोटोमागे हमखास.

आणि ते विषाचं! दुधात पाल पडली की सगळं घर मेलंच असं समजतात, पण आपल्या घरपालीला विष नसतं. दूध तरी फेकाच, तिच्या अंगावर साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. आईला हे सांगितलं तर म्हणे, "मंग फेकायचंच आहे ना, मी काय वेगळं सांगत होते?"