कळीवरची लव : आमच्या रोपवाटिकेची वाटचाल

लातूर-औसा रस्त्याला लागून दीड एकरात आमची रोपवाटिका आहे. २००९ साली सुरू केली, तेव्हा सीताफळ, आंबा आणि हाराचा गावठी गुलाब एवढंच होतं.

मॉस गुलाब, म्हणजे कळीवर शेवाळासारखी लव असणारा गुलाब, आला तो २०१४ च्या हिवाळ्यात. पुण्याच्या एका हौशी बागायतदारांनी काड्या दिल्या. आम्ही खुंटावर डोळे भरले, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या रोपावर या काड्यांचे डोळे बसवले, चार जगले. २०१६ च्या फेब्रुवारीत पहिली कळी आली. आमच्याकडे काम करणारे मामा धावत आले, ‘‘भाऊ, गुलाबावर मावा पडलाय!’’ मावा म्हणजे रस शोषणारी बारीक कीड. मी पोचेपर्यंत त्यांनी ओल्या फडक्यानं कळी पुसूनही काढली होती. मला फार वाईट वाटलं. पण त्यांची बोटं चिकट झाली होती आणि त्यांना राळेसारखा वास येत होता. तीच या गुलाबाची ओळख. कळीखालची पानं नि देठ जिनं भरलेले असतात, ती लव म्हणजे बारीक ग्रंथी. चोळलं की वास सुटतो. मावा असता तर चिरडून हिरवा रस निघाला असता.

त्याच उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं. बागेतलं बरंच गेलं. ही चार झाडं मात्र शेजारी मडकी पुरून, टँकरच्या पाण्यावर जगवली.

लवेतही दोन तऱ्हा आहेत. शतपत्री गुलाबापासून आलेल्या मॉसची लव हिरवी नि मऊ असते. दमास्क या जुन्या सुवासिक गुलाबाच्या घराण्यातल्यांची तपकिरी, हाताला खरखरीत. मोबाइलवरच्या फोटोत हे कळत नाही, म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला हात लावायला सांगतो. मॉस रोज म्हणून बाजारात ऑफिस टाइमचं बीही विकलं जातं. ते फूल छान आहे, पण ते गुलाबच नव्हे.

आमची मोठी चूक छाटणीत झाली. दसऱ्यानंतर सगळ्या गुलाबांबरोबर यांचीही छाटणी केली आणि वर्षभर फूल दिसलं नाही. वर्षातून एकदाच फुलणारे मॉस जुन्या फांदीवर फुलतात, त्यांची छाटणी फुलं संपल्यावरच करायची. लांब फांद्या वाकवून आडव्या बांधल्या तर डोळ्याडोळ्याला फुटवा येतो. आमच्या चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडतात, तिथं शेणखत भरपूर आणि हिराकस (लोहाचा क्षार) थोडं देतो. थंडीत भुरीवर, म्हणजे पांढऱ्या बुरशीवर, रोज नजर ठेवावी लागते, लवेतली भुरी लवकर दिसत नाही.

आमच्याकडे मनापासून रमला तो ‘सालेट’. १८५४ चा फ्रेंच वाण, गुलाबी, पुन्हापुन्हा फुलणारा. सध्या त्याचीच साठ रोपं कुंड्यांत आहेत, आणि कळी दाखवल्याशिवाय आम्ही रोप देत नाही. जांभळट ‘विल्यम लॉब’ लावून पाच वर्षं झाली. आजवर दोनच फुलं दिली त्यानं, इतक्या कमी थंडीत त्याला जमत नसावं. विचारणा खूप आहे, पण तो विकायला काढलेला नाही.