९२ वरून ४४

टीनएजर मुलामुलींसोबत काम करते मी. शाळा सुटल्यावरचा युवा विकासाचा प्रोग्राम असतो आमचा, १२ आठवड्यांचा. मागच्या बॅचमधली एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहितेय.

अकराव्या शनिवारी नकाशा आणि होकायंत्र घेऊन टेकडीवर जायचं होतं, गटागटाने, दर टप्प्याला लीडर बदलणार. मोठ्यांनी मागून चालायचं आणि धोका नसेल तर तोंड उघडायचं नाही, एवढाच नियम (ऐकायला सोपा आहे, पाळून बघा). तिसऱ्या टप्प्याला लीडर होती एक १४ वर्षांची मुलगी. इतक्या आठवड्यांत स्वतःहून जवळजवळ बोललीच नव्हती, काहीही विचारा, "छान", "काही प्रॉब्लेम नाही ताई". फाट्यावर ती डावीकडे वळली. जायचं होतं उजवीकडे. मला कळत होतं, अगदी ओठांवर आलं होतं, पण गप्प राहिले. पंधरा-वीस मिनिटं झाली तरी ओढा लागेना, मुलं कुरकुरायला लागली, एक जण तर मोठ्याने म्हणाला हिला कशाला दिलं. ती थांबली, नकाशा जमिनीवर पसरला, होकायंत्र लावून उत्तर दिशा जुळवली, बराच वेळ नुसती बघत बसली. मग उठून सगळ्यांसमोर म्हणाली, "माझं चुकलंय, फाट्यापर्यंत मागे जायचं." आवाज कापत होता. पण परत जाताना सगळ्यात पुढे तीच, आणि जो बोलला होता त्यालाच तिने पावलं मोजायचं काम दिलं!

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्येच मांडलंय की "मला जमतं" हा विश्वास सगळ्यात पक्का येतो तो स्वतः करून जमल्यावर, दुसऱ्याने कौतुक करून तेवढा येत नाही. मी हे ट्रेनिंगमध्ये कितीदा सांगितलंय, त्या दिवशी डोळ्यांसमोर घडलं.

पुढच्या आठवड्यात शेवटचे फॉर्म भरून घेतले. डब्ल्यूएचओ-५ म्हणून मानसिक स्वास्थ्याची प्रश्नावली आहे, जागतिक आरोग्य संघटनेची, पाच वाक्यं, गेल्या दोन आठवड्यांत कसं वाटलं त्याला ० ते ५ आकडा द्यायचा, बेरजेला ४ ने गुणायचं, म्हणजे १०० पैकी. निदान होत नाही त्यातून, पण ५० किंवा खाली आलं तर नीट चौकशी करायची. हिचे पहिल्या दिवशी होते ९२. आता ४४.

पोटात गोळाच आला माझ्या. टेकडीवर आपण गप्प बसलो ते चुकलं का, हाच पहिला विचार. तिला बाजूला बसवून विचारलं तर शांतपणे म्हणाली, "ताई, पहिल्या दिवशी मी सगळीकडे चार-पाच टाकले होते. वाटलं घरी दाखवाल. आता खरं लिहिलंय."

मग मी म्हटलं, आत्ता आठवून सांग, तेव्हा खरं काय लिहिलं असतंस? तिने भरलं, २८ आले. तीन महिन्यांपूर्वीचं आठवून लिहिलेल्या आकड्यावर फार भरवसा ठेवता येत नाही हे मान्य, पण ९२ पेक्षा तो मला जास्त खरा वाटतो.

आणि ४४ म्हणजे काही बरं नव्हतंच. सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटतं का, याला तिने शून्य दिलं होतं. झोपच लागत नव्हती, कित्येक महिने. टेकडी चढून झोपेचा प्रश्न सुटत नाही, त्याला समुपदेशकच लागतो, आणि आम्ही ती जागा घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. घरी कोण सांगणार विचारलं तर म्हणाली मी सांगते, तुम्ही फक्त बसा शेजारी. आईशी ती जवळजवळ अर्धा तास बोलली, मी एक शब्द बोलले नाही.

तिच्या पहिल्या फॉर्मचा दोष माझाच होता खरं तर. मुलं लिहीत होती तेव्हा आम्ही मोठे लोक बाकांमधून फिरत होतो. या बॅचला फॉर्म वाटले, कोण वाचणार आणि कधी घरी सांगावं लागेल ते आधीच स्पष्ट सांगितलं, आणि आम्ही सगळे खोलीबाहेर जाऊन उभे राहिलो.