कार्माइन स्ट्रीटवरची कोजागिरी

माझी ड्यूटी रात्री साडेअकराला संपते. न्यूयॉर्कमध्ये, वॉशिंग्टन हाइट्समधल्या एका हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत मी काम करते. दुपारी तीनला आत शिरलं की बाहेर ऊन आहे की पाऊस, काही कळत नाही. सुटल्यावर ए ट्रेन पकडायची, वेस्ट फोर्थला उतरायचं, तिथून चालत नाइन्थ स्ट्रीटचं पाथ रेल्वेचं स्टेशन गाठायचं आणि नदीखालून जर्सी सिटीला घरी. मध्यरात्रीनंतर पाथच्या गाड्या विरळ होतात. एक चुकली की बराच वेळ फलाटावर ताटकळायचं. त्या ताटकळण्यानेच मला कार्माइन स्ट्रीटवरच्या जोज पिझ्झाची सवय लागली.

दुकान म्हणाल तर चिंचोळं. पांढरा उजेड, भिंतीवर येऊन गेलेल्या नामवंतांचे फोटो, काचेमागे मोठाले गोल पिझ्झे आणि बाजूला उभ्याने खायला फळ्या. बसून गप्पा मारायची सोय जवळपास नाहीच. नेपल्सहून आलेल्या जो पोझ्झुओलींनी १९७५ साली ते सुरू केलं, तेव्हा ते याच रस्त्याच्या टोकाला, ब्लीकरच्या कोपऱ्यावर होतं. रात्री साडेबाराला तिथे जी रांग असते ती मला फार आवडते. बारमधून आलेली पोरं, शेफचा पांढरा कोट काखेत मारलेला एखादा स्वयंपाकी, सायकल बाहेर टेकवून आलेला डिलिव्हरीवाला, आणि हॉस्पिटलचे बूट घातलेली मी. रांग भराभर सरकते. ‘वन प्लेन’ म्हणायचं, म्हणजे एक साधा स्लाइस, पिझ्झाचा एक तुकडा; पैसे द्यायचे, कागदी पातळ प्लेट घ्यायची. कुणी विचारत नाही की किती माणसं, कुणाची वाट बघताय का, एकट्याच का.

हे न विचारणं मला किती मोठं वाटतं, ते सांगायला २०१२ सालापर्यंत मागे जावं लागेल.

त्या जानेवारीत मी नवऱ्यामागून इथे आले. माझ्या व्हिसावर काम करता येत नव्हतं. लॅबची परीक्षा द्यायची म्हणून रोज मॅनहॅटनमध्ये, फिफ्थ अॅव्हेन्यूच्या लायब्ररीत अभ्यासाला जायचे. सकाळी डब्यात नेलेली पोळी-भाजी बाराला संपायची आणि चार वाजता पोटात कावळे ओरडायचे. पर्समध्ये त्या दिवसाचे दोन डॉलर. तेव्हा शहरात एक डॉलरच्या स्लाइसचं पेव फुटलं होतं. सिक्स्थ अॅव्हेन्यूवर, सदतिसाव्या आणि अडतिसाव्या रस्त्यांच्या मध्ये तर त्या मार्चमध्ये दोन शेजारी दुकानांची अशी जुंपली की भाव उतरत उतरत ७५ सेंटवर आला. त्यातल्या एका दुकानाच्या नावात चक्क ‘बॉम्बे’ होतं. ती पाटी बघून मी जागच्या जागी थांबले होते.

थांबले, पण आत गेले नाही. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. आतल्या चीजचा वास फुटपाथवर येत होता, भूक होती, पैसे होते. पण तोपर्यंत बाहेर एकटीने उभं राहून काही खाल्लेलंच नव्हतं. साताऱ्यात राजवाड्याच्या चौपाटीवर मुलं उभी राहून भेळ खायची. आमच्या घरी भेळ यायची ती बाबांच्या हातातल्या पुडक्यातून. बाईमाणसाने एकटीने रस्त्यावर खाणं हे कुणी मना केलं होतं असं आठवत नाही. तसं करणारी कुणी बघितलीच नव्हती. तिसऱ्या दिवशी मी आत गेले. स्लाइस हातात आला, फळीवर प्लेट ठेवली आणि मान खाली घालून खाऊ लागले. अर्धा झाल्यावर मान वर केली. कुणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं. तो ७५ सेंटचा तुकडा फार काही चांगला नव्हता, पाव कच्चट होता आणि सॉस गोड. तरी त्या दिवशी मी या शहरात राहू शकेन असं पहिल्यांदा वाटलं.

पुढे मी या स्लाइसची थोडी माहिती काढली. लिटल इटलीतल्या लोम्बार्डीज या पिझ्झा-दुकानाचं सुरुवातीचं साल १९०५ सांगतात. पण त्यांची भट्टी दगडी कोळशाची, पिझ्झा अख्खा घ्यायचा, टेबलाशी बसून चौघांनी खायचा. एकट्याला त्यात जागा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर गॅसची, कप्प्याकप्प्यांची पोलादी भट्टी आली. ती कोळशाच्या भट्टीपेक्षा स्वस्त, कमी जागेत मावणारी आणि दिवसभर एकसारखी तापलेली राहणारी. त्यात कमी पाण्याचं मोझरेला चीज वापरलं की पिझ्झा भाजून ठेवता येतो. गिऱ्हाईक आलं की एक तुकडा दगडावर परत सरकवायचा, दोन-तीन मिनिटांत तळ पुन्हा कुरकुरीत. साधारण १८ इंचांचा पिझ्झा, त्याचे आठ तुकडे, आठ वेगवेगळी माणसं. दोनदा आच लागलेलं, एका माणसाचं जेवण.

न्यूयॉर्ककर आणखी एक गोष्ट मोठ्या प्रेमाने सांगतात. स्लाइसचा भाव आणि सबवेचं तिकीट बरोबरीने चढतं, हा हिशेब इथे १९८० पासून मांडला जातोय. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिकीट २.९० डॉलर झालं तेव्हा जोजचा साधा स्लाइस त्याच्या पुढे निघून गेला होता आणि डॉलरवाली बरीच दुकानं दीड डॉलरवर आली होती. हिशेब जुळेनासा झाला याचं मला वाईट वाटलं. प्रवास आणि एक घास, दोन्ही एका भावात असलेलं शहर मला मनापासून आवडायचं.

त्याच वर्षी गणपती झाल्यावर आई आली. बाबा गेल्यानंतर तिचा हा पहिला मोठा प्रवास.

आईबद्दल एक सांगायला हवं. आई सगळ्यात शेवटी जेवते. आजोबा-आजी, बाबा, काका, आम्ही पोरं, आला-गेला, सगळ्यांचं झालं की ओट्याशेजारी पाट घेऊन बसायची. त्यात दुःख असल्यासारखं तिने कधी दाखवलं नाही. पण पातेल्यात काय उरलंय ते बघून तिचं जेवण ठरायचं. जर्सी सिटीतही तेच. मी रात्री एकला घरी यायचे तेव्हा ती जागी, ताट झाकलेलं आणि स्वतः न जेवलेली. किती वेळा सांगितलं, भांडले सुद्धा. ‘तू बाहेर काहीबाही खाऊन येतेस, घरचं गरम घास घे’ एवढंच उत्तर. अर्ध्या रात्री परक्या शहरात मी रस्त्यात थांबून खाते, हेच तिला पटत नव्हतं.

नवरात्राचे उपवास झाले, दसरा झाला आणि कोजागिरी आली २८ ऑक्टोबरला, शनिवारी. मला सुट्टी होती. सकाळीच साताऱ्याहून वहिनीचा फोन. तिकडे त्या रात्री चंद्रग्रहण, त्यामुळे गच्चीवरच्या दुधाचा बेत रद्द. आईला प्रश्न पडला की इथे ग्रहण पाळायचं का. जिथून दिसत नाही तिथे पाळत नाहीत, असं तिनेच मग ठरवलं आणि बदाम-केशर घालून दूध आटवायला घेतलं. मी म्हटलं, ‘आई, नाहीतरी आज जागायचंच आहे. दूध थर्मासमध्ये भर. तुला माझी रात्र दाखवते.’

ती नेसली काठाची सुती साडी, वरून माझं जाकीट. त्या दिवशी ऑक्टोबरच्या मानाने हवा चांगलीच उबदार होती. पाथने नाइन्थ स्ट्रीटला उतरलो आणि बघतो तर सिक्स्थ अॅव्हेन्यू माणसांनी फुललेला. हॅलोवीनच्या आधीचा शनिवार. तोंडावर सांगाडा रंगवलेली पोरं, पंख लावलेल्या पोरी, डोक्यावर शिंगं. आईने माझा हात घट्ट धरला, मग हळूहळू सोडला. ‘शिमग्याची सोंगं आहेत ही,’ ती म्हणाली आणि थांबून थांबून बघू लागली.

जोजची रांग दाराबाहेर आली होती. पंधरा-वीस मिनिटं उभे राहिलो असू. आई सगळा वेळ भट्टीवाल्याकडे बघत होती. लांब दांड्याच्या फळीने तो पिझ्झा आत सारायचा, दार आपटायचं, मधेच उघडून फिरवायचा. आईने आयुष्यभर काठवटीत पीठ मळून भाकरी थापली आहे. चुलीवरची, तव्यावर भाजून मग आरावर फुगवलेली. तिने विचारलं, ‘उलटत नाही का हा?’ मी म्हटलं, नाही, खालून दगड आणि वरून आच. ‘मग खालचं कळतं कसं त्याला?’ तेवढ्यात त्याने फळीने कड उचलून तळ बघितला. आई नुसती ‘हं’ म्हणाली. हाताखाली काम करणाऱ्याला पास केल्यावर म्हणते तसं.

भाव ऐकून मात्र ती चपापली. एका तुकड्याचे तीनशेच्या वर रुपये. मी काही बोलले नाही.

दोन प्लेटी घेऊन बाहेर आलो. उभ्याने खायला ती तयार नव्हती. ‘उभ्याने खाल्लेलं अंगी लागत नाही.’ त्याच रस्त्यावर चार पावलांवर अवर लेडी ऑफ पोंपेई हे चर्च आहे. १८९२ साली इटालियन स्थलांतरितांसाठी सुरू झालेलं हे वस्तीचं देऊळ, इमारत नंतरची. तिथले फादर देमो १९११ च्या ट्रायँगल या कपड्यांच्या कारखान्याच्या आगीनंतर पोरी गमावलेल्या घरांच्या पाठीशी उभे राहिले होते. त्या आगीत १४६ माणसं गेली, त्यांत बऱ्याच इटालियन आणि ज्यू शिलाईकाम करणाऱ्या मुली. समोरचा चौक फादर देमोंच्याच नावाचा आहे. आईला एवढंच सांगितलं की हे परदेशातून पोटासाठी आलेल्यांचं देऊळ आहे. तिने पायरीला हात लावून कपाळाला लावला आणि बसली. पायरीवर आधीच बसलेल्या एका मुलीने आपले पिसांचे पंख आवरून तिला जागा करून दिली.

मग आईने काय केलं, तर स्लाइस उचलून उलटा केला. वरचं चीज सांडू नये एवढाच तिरका करून तळ बघितला. तळावर पिवळट तपकिरी रंग, मध्ये काळे ठिपके. बोटाच्या नखाने तिने तो वाजवला. ‘भाजलीये,’ म्हणाली. आणि मी सांगायच्या आत तो मधोमध दुमडून टोकाकडून घास घेतला. २०१४ च्या जानेवारीत इथल्या नव्या महापौरांनी पिझ्झा काट्याने खाल्ला म्हणून वर्तमानपत्रांत केवढं काहूर उठलं होतं. आईला तो प्रश्नच नव्हता. तूप-साखर लावलेल्या पोळीची सुरळी करावी तसा तिचा हात चालला. केशरी तेलाचा ओघळ मनगटापर्यंत आला तो तिने रुमालाने टिपला. सॉस आंबट आहे, मीठ बेताचं आहे, कड सगळ्यात चांगली लागते, असं तिचं मत पडलं. कड उरली तेव्हा तिने ती थर्मासच्या झाकणातल्या मसाला दुधात बुडवून खाल्ली. पंखवाली मुलगी बघत होती. आईने तिलाही दूध ओतून दिलं. मुलगी दोन्ही हातांनी झाकण धरून प्याली आणि काय काय घातलंय ते विचारत बसली. मी ‘सॅफ्रन, कार्डमम’ सांगत राहिले.

परतताना पाथमध्ये आई बराच वेळ गप्प होती. जर्सी सिटी यायच्या जरा आधी म्हणाली, ‘तू रोज अशी एकटी खातेस, मला वाटायचं पोरीचे हाल आहेत.’ पुढे काही बोलली नाही. पण त्यानंतर मी ड्यूटीवरून आले की ताट एकच झाकलेलं असायचं, माझं. ती जेवून घेतलेली असायची.

डिसेंबरात, मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारच्या आत तिला घरी पोचायचं होतं. निघायच्या चार दिवस आधी आम्ही पुन्हा गेलो. चांगली थंडी पडली होती, आईच्या कानाला मफलर, साडीखाली माझे लोकरी मोजे. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. आत शिरताच म्हणाली, ‘आज मी सांगते.’ माझ्या पुढे उभी राहिली. पाच डॉलरची नोट तिने घरूनच चार घड्या घालून बटव्यात ठेवली होती. नंबर आल्यावर ती उलगडून पुढे केली आणि स्पष्ट म्हणाली, ‘वन प्लेन.’

माझं सांगायचं राहिलंच. पण काचेमागे तो शेवटचाच तुकडा होता. तो त्याने आईच्या प्लेटीत ठेवला आणि मला बोटाने खूण केली, पुढचा भट्टीत आहे, दोन मिनिटं. मी मागे वळून आईकडे पाहिलं. ती फळीपाशी जाऊन उभी राहिली होती. तळ बघितला, दुमडला, आणि माझी वाट न बघता खायला लागली.