ज्युडीला अहो-जाहो नाही

मिनेसोटातली माणसं भावनांच्या बाबतीत भलतीच काटकसरी. उणे तीसमध्ये गाडी बंद पडो की तळघरात पाणी शिरो, 'चालायचंच, याहून वाईट झालं असतं' यापलीकडे अवाक्षर नाही. आमच्या शेजारच्या मावशी याच मातीतल्या. ('मावशी' मी ब्लॉगपुरतं म्हणते. समोरासमोर नावानेच हाक मारते, इथली रीतच तशी. पण आईच्या वयाच्या बाईचं नाव घेताना अकरा वर्षांनीही जीभ जरा अडखळते.) शाळेच्या ग्रंथालयात सगळी नोकरी काढून त्या निवृत्त झाल्या. नवरा गेला तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नाही. त्या मावशी गेल्या जूनमध्ये एका जुन्या लाकडी घराच्या जिन्यापाशी उभ्या राहून घळाघळा रडल्या.

घर ज्युडी गार्लंडचं.

नाव चटकन आठवलं नाही तरी 'द विझर्ड ऑफ ऑझ' तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल, निदान त्यातल्या लाल बुटांचं चित्र तरी. १९३९ चा सिनेमा. कॅन्ससमधली एक मुलगी वावटळीत सापडते, घरासकट उडून ऑझ नावाच्या देशात जाऊन पडते आणि मग परत घरी जायची वाट शोधत फिरते. चित्रीकरण झालं तेव्हा ज्युडी सोळा वर्षांची होती. मी हा सिनेमा इथे आल्यावरच पाहिला, मुलीबरोबर सोफ्यावर, अर्धं लक्ष फोनमध्ये ठेवून. गोड आहे, एवढंच वाटलं. मावशींना तसं सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी माझी आजी पानात भात टाकून उठणाऱ्याकडे पाहायची.

मग एक दिवस कुंपणापलीकडून म्हणाल्या, "दहा तारखेला तिचा वाढदिवस असतो. मी दरवर्षी जाते. येतेस?"

ज्युडीचं जन्मगाव ग्रँड रॅपिड्स आमच्या मिनियापोलिसहून उत्तरेला, गाडीने तीन-सव्वातीन तास. (मिशिगनमध्ये याच नावाचं मोठं शहर आहे, ते हे नव्हे.) रस्ता मिल लॅक्स तळ्याच्या काठाकाठाने जातो. तळं म्हणायचं आपलं. पलीकडचा किनारा दिसत नाही. मावशींनी वाटेत खायला बार आणले होते. बार म्हणजे आपल्या वड्याच, फक्त ओव्हनमधल्या. मी चिवडा नेला होता. तळं मागे पडेपर्यंत चिवडा त्यांच्या मांडीवर आणि बार माझ्या.

तिथेच कधीतरी त्यांनी मला रंगाची गोष्ट सांगितली. हा सिनेमा १९५६ मध्ये इथल्या टीव्हीवर पहिल्यांदा दाखवला आणि १९५९ पासून दरवर्षी एकदा दाखवू लागले. व्हिडिओ नाही, काही नाही. वर्षातून एक रात्र, ती चुकली की पुढच्या वर्षी. त्या रात्री सगळी पोरं आंघोळी करून, रात्रीचे कपडे घालून टीव्हीसमोर. सिनेमात कॅन्सस कृष्णधवल आहे आणि मुलगी ऑझमध्ये दार उघडते तिथे रंग सुरू होतात. पण मावशींच्या घरचा टीव्हीच कृष्णधवल! "मला अकरा-बारा वर्षांची होईपर्यंत माहीतच नव्हतं," त्या म्हणाल्या. "ती दार उघडायची आणि तोंडावर केवढं आश्चर्य! मला वाटायचं, एवढं काय त्यात? मग एकदा मैत्रिणीच्या घरी रंगीत टीव्ही आला." पुढे त्या काही बोलल्या नाहीत, चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसल्या.

ग्रँड रॅपिड्स हे कागदाच्या गिरणीचं गाव, वस्ती अकरा हजारांच्या आसपास. मिसिसिपी इथून जाते, पण अजून लहान आहे. पुढे जाऊन ही केवढी होणार याची तिला कल्पना नसावी, असं वाटतं. ज्युडीचं घर पांढरं, दुमजली, साधं. मूळ जागेवरून ते हलवून आता संग्रहालयाला जोडून ठेवलंय. अख्खं घर उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायचं याचं इथे कुणाला काही वाटत नाही. मी मात्र पाया कुठे जोडलाय ते वाकून बघून आले.

१० जून १९२२ ला जन्मली तेव्हा ती फ्रान्सेस एथेल गम होती. वडील फ्रँक गम गावातलं 'न्यू ग्रँड' थिएटर चालवायचे, आई मूकपटांना पियानोची साथ करायची, थोरल्या दोघी बहिणी मधल्या वेळात नाचगाणी करायच्या. १९२४ च्या नाताळात या सगळ्यांत धाकटीला स्टेजवर सोडलं. अडीच वर्षांची. तिने 'जिंगल बेल्स' म्हटलं, मग परत म्हटलं, परत म्हटलं आणि शेवटी तिला उचलून आत न्यावं लागलं. गावात ही गोष्ट सगळे सांगतात, आणि सांगणारा प्रत्येक जण तिला उचलल्याचा अभिनयही करतो. १९२६ मध्ये कुटुंब कॅलिफोर्नियाला गेलं. म्हणजे या गावात ती जेमतेम चार वर्षं राहिली.

मावशी त्या घरात शिरल्या त्या सरळ जिन्यापाशी गेल्या, कठड्यावर हात ठेवला आणि रडायला लागल्या. मला काय करावं सुचेना. इथे पाठीवर हात ठेवायचा की नाही हेही आधी ठरवावं लागतं. तेवढ्यात बाजूला उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी न बोलता रुमाल पुढे केला. त्यांच्याबरोबर त्यांचा जोडीदार होता. चाळीस वर्षं एकत्र आहेत, शिकागोहून गाडी चालवत आलेले. मला म्हणाले, "पहिल्यांदा आलीस ना? पुढच्या वेळी तूही रडशील."

संग्रहालयात सिनेमातली घोडागाडी आहे, पोस्टर आहेत, फोटो आहेत. पण खरं सांगू, वस्तू बघायला कुणी आलंय असं वाटतच नव्हतं. लोक एकमेकांना भेटायला आले होते आणि बोलत होते ते ज्युडीबद्दल, घरातल्या एखाद्या मुलीचं सासरी कसं झालं ते बोलावं तसं. १९३५ मध्ये, तेराव्या वर्षी, एम.जी.एम. स्टुडिओने तिला करारात बांधलं. त्याच वर्षी वडील गेले. स्टुडिओला ती जाडी वाटायची, म्हणून नुसत्या सूपवर ठेवायचे. उत्साह यावा म्हणून गोळ्या, झोप यावी म्हणून दुसऱ्या गोळ्या. ऑझमधली मुलगी लहान दिसावी म्हणून तिची छाती आवळून बांधली होती. १९५० मध्ये स्टुडिओने तिला मोकळं केलं तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि त्या गोळ्या तिच्याबरोबरच आल्या. शेवटी त्यांनीच २२ जून १९६९ ला लंडनमध्ये घात केला. वय सत्तेचाळीस.

हे सगळं तिथे प्रत्येकाला पाठ, पण बोलताना आवाज खाली येतो. एका तरुण पर्यटकाने (बहुधा हायवेवरची पाटी बघून सहज आत आलेला) बरोबरच्या मुलीला ऐकवलं, की इथे पोस्टरांऐवजी गोळ्यांच्या बाटल्या मांडायला हव्या होत्या. मावशी वळल्या, त्याच्याकडे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "हं. हे जरा वेगळंच." तो बिचारा परगावचा असणार, त्याला कळलं नाही. मिनेसोटात यापेक्षा मोठी शिवी नाही.

मला एकदम आमचे आजोबा आठवले. ते बालगंधर्वांना 'नारायणराव' म्हणायचे, वरच्या आळीतल्या कुणाबद्दल बोलावं तसे. रेकॉर्ड लागली की हातातलं काम खाली. पण बैठकीत कुणी नारायणरावांच्या उतारवयाचा विषय काढला, कर्ज, गोहरबाई वगैरे, की आजोबा उठून आत जायचे. भांडायचे नाहीत. पाहुणा निघून गेल्यावर आजीला म्हणायचे, "त्याला पुन्हा चहा विचारू नकोस." आणि लता मंगेशकर त्यांच्या तोंडी कायम 'लता'. 'काल रेडिओवर लता ऐकलीस का?' अनोळखी बाईला एकेरी हाक मारण्याची छाती त्यांना दुसरीकडे कुठेच झाली नसती. इंग्रजीत अहो-जाहोची सोयच नाही, तरी त्या दिवसभरात मी 'गार्लंड' हे आडनाव एकदाही ऐकलं नाही. सगळ्यांची ज्युडी. म्हणून इथेही 'त्या' लिहायला माझा हात वळला नाही.

या मंडळींचा राग किती ताजा असतो त्याचा नमुना सांगते. १९५४ च्या 'अ स्टार इज बॉर्न'साठी ज्युडीला ऑस्करचं नामांकन होतं. समारंभाच्या आदल्या दिवशी तिला मुलगा झाला, म्हणून टीव्हीवाल्यांनी कॅमेरे थेट इस्पितळात तिच्या खोलीपर्यंत आणून ठेवले. बक्षीस ग्रेस केलीला मिळालं आणि त्यांनी तारा गुंडाळल्या, चालू लागले. विनोदी नट ग्राउचो मार्क्सने ज्युडीला तार केली, की ब्रिंक्सच्या दरोड्यानंतरची (बोस्टनमधला १९५० चा गाजलेला दरोडा) ही सर्वांत मोठी चोरी. शिकागोच्या गृहस्थांनी हे सांगताना ग्रेस केलीचं नाव असं घेतलं, जणू तिने यांच्याच घरून काही उचलून नेलंय. सत्तर वर्षं झाली!

खरोखरची चोरी झाली ती याच इमारतीत. सिनेमातल्या लाल बुटांच्या आज माहीत असलेल्या चार जोड्या आहेत. (मूळ कादंबरीत ते चांदीचे, नव्या टेक्निकलरमध्ये उठून दिसावेत म्हणून लाल केले.) माणकं-बिणकं काही नाहीत, बुटांवर लाल टिकल्या शिवलेल्या. एका संग्राहकाने आपली जोडी या संग्रहालयाला प्रदर्शनासाठी दिली होती. २००५ च्या ऑगस्टमध्ये रात्री कुणीतरी दार फोडून, काच फोडून ती नेली. मागे उरली एक लाल टिकली.

पुढची तेरा वर्षं गावात दुसरा विषय नव्हता. बूट जवळच्या लोखंडाच्या खाणीच्या खड्ड्यात फेकले अशी वदंता होती, म्हणून २०१५ मध्ये त्या पाण्यात पाणबुडे उतरवले. २०१८ मध्ये एफ.बी.आय.ने ते आमच्या मिनियापोलिसमध्येच पकडले. चोर निघाला एक म्हातारा. त्याला वाटलं होतं, टिकल्या म्हणजे खरी माणकं. विकायला गेला तेव्हा कळलं, काच आहे. आणि त्याने सिनेमा पाहिलेलाच नव्हता, असं त्याच्या वकिलाने कोर्टात सांगितलं! चाहत्यांना चोरीपेक्षा हे जास्त लागलंय.

बूट खरे की नकली हे ठरवायला ते वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात नेले. तिथे अशीच एक जोडी १९७९ पासून आहे. तज्ज्ञांनी दोन्ही जोड्या शेजारी ठेवल्या आणि लक्षात आलं, की स्मिथसोनियनच्या जोडीतला डावा आणि उजवा मुळात एकमेकांचे नाहीतच. त्यांचे खरे जोडीदार या चोरलेल्या जोडीत होते. कधीतरी अदलाबदल झाली असणार. पोलीस तपासात असं काही सापडावं हे मला भारी आवडलं.

डिसेंबर २०२४ मध्ये मूळ मालकाने जोडी लिलावात काढली. गावाने वर्गणी जमवली, मिनेसोटा राज्याने एक लाख डॉलर दिले. बोली गेली २ कोटी ८० लाख डॉलरवर, दलाली धरून ३ कोटी २५ लाख. रुपयांत पावणेतीनशे कोटींच्या घरात. गावाला बूट मिळाले नाहीत. मावशींनी वर्गणीत किती घातले हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्या वर्षी त्यांनी घराचं छप्पर बदलायचं पुढे ढकललं, तेवढं मात्र मला माहीत आहे.

दुपारी घरामागे गवतावर केक कापला. कुणीही भाषण केलं नाही. शिकागोच्या गृहस्थांनी मला न्यूयॉर्कमधल्या ज्युडीच्या अंत्यदर्शनाचं सांगितलं. तेव्हा हे एकोणीस वर्षांचे. रात्रभर रांगेत उभे होते. वीसएक हजार माणसं आली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच शहरात, समलिंगी लोक जमायचे त्या स्टोनवॉल बारमध्ये पोलिसांची धाड पडली आणि त्या लोकांनी उलटून प्रतिकार केला. ज्युडीच्या दुःखामुळेच ते पेटले असं पुष्कळदा सांगतात. अभ्यासकांना ते पटत नाही. मी त्या शिकागोच्या गृहस्थांनाच विचारलं. म्हणाले, "मी तर घरी जाऊन झोपलो होतो. पण आमच्यापैकी कुणी कुणाला उघडपणे विचारू शकत नव्हतं, तेव्हा आम्ही विचारायचो, तू डोरथीचा मित्र आहेस का?" डोरथी म्हणजे ऑझमधली मुलगी. जोडीदाराने त्यांच्या मनगटावरचं केकचं क्रीम पुसलं.

परत येताना मावशींनी सीडी लावली. २३ एप्रिल १९६१, न्यूयॉर्कचं कार्नेगी हॉल. त्या कार्यक्रमाच्या रेकॉर्डला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. ते मिळवणारी ज्युडी पहिली बाई. आवाज मला वाटला होता तसा गुळगुळीत नाही. मधेच फाटतो, दम लागल्याचं ऐकू येतं, एका गाण्यात शब्द विसरते आणि तशीच रेटून पुढे नेते. लोक नावाने ओरडतात, ती हसते. ऑझमधलं ते सुप्रसिद्ध इंद्रधनुष्याचं गाणं ('ओव्हर द रेनबो') आलं तेव्हा मी मावशींकडे बघायचं टाळलं. १९३९ मध्ये ते सिनेमातून कापायच्या बेतात होते, लांबण लागते म्हणून.

घरी पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. जूनमध्ये इथे त्या वेळीही उजेड असतो. मावशींनी त्यांच्या दारात गाडी उभी केली, इंजिन बंद केलं. सीडी चालूच होती. मी चिवड्याचा डबा उचलला, पट्टा सोडला आणि दाराकडे हात नेला.

"थांब," मावशी म्हणाल्या. "लोक अजून टाळ्या वाजवतायत."