तुम्ही विचारलंत म्हणून: दुखत नसताना दात दाखवायचे कशाला?

मी दंतवैद्य आहे हे कळलं की पाचव्या मिनिटाला हा प्रश्न येतो. "डॉक्टर, मला काही दुखत नाहीये. मग उगीच कशाला दाखवायचं?" विचारणारा हसत असतो, पण ओठ जरा मिटूनच.

प्रश्न चुकीचा नाही. चटका बसला की हात आपोआप मागे येतो, तेव्हा दुखणं हा तसा भरवशाचा निरोप्या. दातांच्या बाबतीत मात्र तो उशिरा येतो, आणि कधीकधी निरोप अर्धवट सांगून निघूनही जातो. दातावरचं इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, पण त्यात नस नसते. कीड तिथे आहे तोवर तुम्हाला काहीही कळत नाही. त्याखालच्या थरात पोचली की गार किंवा गोड खाल्ल्यावर एक सणक येते, क्षणभर. ती आपण सगळेच सोडून देतो. (मीही दिली होती. दंतवैद्यांनाही दाढा असतात.) मग आतल्या नसेला सूज येते. इतरत्र सूज आली तर कातडी ताणली जाते. इथे चहूबाजूंनी कठीण भिंती, सुजायला जागाच नाही. त्यात आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब थोडा वाढतो, म्हणून हा ठणका नेमका रात्री जीव काढतो.

याहून फसवा प्रकार पुढे आहे. "चार दिवस ठणकली, मग आपोआप थांबली." हे वाक्य ऐकलं की मला धस्स होतं. दाढ बरी झालेली नसते. आतली नस मेलेली असते. जंतुसंसर्ग मुळाच्या टोकातून हाडात उतरत असतो आणि ओरडायला आत कोणी उरलेलं नसतं.

पण माझं खरं उत्तर वेगळंच आहे, आणि त्यात माझाही स्वार्थ आहे. दुखत असताना तुम्ही आलात तर माझे हात बांधलेले असतात. भुलेचं इंजेक्शन नसेत शिरून काम करतं, पण सुजलेल्या, पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि तिथे ते औषध नसेच्या आत नीट शिरत नाही. खालच्या दाढेची नस पेटलेली असेल तर ओठ पूर्ण बधिर असतो आणि दाढ मात्र जागी. अशा वेळी "भूल चढलीच नाही" म्हणणारा पेशंट नाटक करत नसतो. मग दुसऱ्या जागी इंजेक्शन द्यायचं, थांबायचं, दाढेवर गार बोळा टेकवून बघायचं. शिवाय तो रात्रभर जागा, उपाशी, घाबरलेला. त्याच्याकडून नीट विचार करून निर्णय कसा घ्यायचा?

म्हणून सुरुवातीलाच ठरवते: दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन. आणि खरोखर थांबते. हे मी चुकून शिकले. नवीन असताना एकांचा हात वर गेला आणि मी म्हटलं, "झालंच, एक मिनिट." काम उत्तम झालं. ते गृहस्थ नंतर सहा वर्षं कोणत्याच दंतवैद्याकडे गेले नाहीत. परत आले तेव्हा चार दाढा काढण्यापलीकडे गत्यंतर नव्हतं. त्या चारांतली निदान एक तरी माझ्या नावावर आहे.

अचानक घडणाऱ्या गोष्टी टळत नाहीत, हे मान्य. मूल पडलं, पुढचा दात मुळासकट बाहेर आला. असा फोन आला की मी आधी एवढंच विचारते: दुधाचा की कायमचा? दुधाचा असेल तर परत बसवायचा नाही, खाली तयार होणाऱ्या दाताला इजा होते. कायमचा असेल तर वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मुळाला बोट लावू नका, घासू तर मुळीच नका. माती असेल तर पाण्याखाली क्षणभर धरा आणि जमलं तर त्याच खाचेत बसवा. नाही जमलं तर दुधात टाका आणि लगेच निघा. मुळावरच्या पेशी कोरड्या पडल्या की तासाभरात बहुतेक मरतात. स्वच्छ रुमालात नीट गुंडाळून आणलेला दात बघून मला फार वाईट वाटतं, कारण काळजी पुरेपूर घेतलेली असते आणि तीच नडते.

गालाची सूज मानेकडे उतरत असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तोंड उघडत नसेल, तर मात्र माझ्याकडे नका येऊ. सरळ मोठ्या रुग्णालयात जा.

बरं, दर सहा महिन्यांनीच यायचं का? सरसकट तसं नाही. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २००४ साली मोठ्या माणसांसाठी ३ ते २४ महिने अशी मुभा दिली. ज्याची त्याची जोखीम बघून ठरवा म्हणाले. मलाही ते पटतं. हिरड्यांतून रक्त येणारा मधुमेही आणि एकही कीड नसलेला निरोगी माणूस, दोघांना एकच तारीख कशी द्यायची?

आणि स्केलिंगने, म्हणजे दातांवरचं कीटण खरवडून काढल्याने, दात हलायला लागतात ही भीतीही सोडा. तसं होत नाही. कीटणाखाली हाड आधीच झिजलेलं असतं; कीटणाचा आधार निघाला की हलणं जाणवतं, एवढंच.

मागे एकजण असेच "उगीच" आले. मी आरसा फिरवला, हिरड्यांची खोली मोजली, एका दाढेच्या खाचेवरचा डाग कोरडा करून पाहिला. कीड नव्हती. "फ्लोराइडची पेस्ट चालू ठेवा, घासल्यावर खळखळून चुळा भरू नका, नुसतं थुंका. वर्षाने या."

ते खुर्चीतून उठेनात. "एवढंच?"

"एवढंच."

जरासे हिरमुसलेच.