वहीतलं माझं माप

माझ्याकडे मापांच्या सात वह्या आहेत. गिऱ्हाइकाचं नाव, तारीख, उंची, छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाही, दंडघेर, पुढचा गळा, मागचा गळा. एका पानावर दोन बायका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला तेव्हा मशीन पाण्यात गेलं, वह्या पोटमाळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. चौथ्या वहीच्या शेवटच्या पानावर मी स्वतःचं माप लिहिते. वर नाव नाही, नुसतं 'मी'.

नोव्हेंबर २०२० : छाती ३४, कंबर २९, दंडघेर १०½.
मार्च २०२२ : छाती ४०, कंबर ३६½, दंडघेर १३¼.

वजन ५७ वरून ७३. सोळा महिन्यांत सोळा किलो. या काळात मी बाळंत झाले नव्हते की कुठे माहेरपणाला जाऊन तूपसाखर खात बसले नव्हते. रोज रात्री ओलान्झापिनची एक गोळी घेत होते, दहा मिलिग्रॅमची.

त्या गोळीबद्दल आधी चांगलं सांगते, कारण ते खरं आहे. २०२० च्या दिवाळीत सीझनच्या घाईत माझी झोप गेली ती गेलीच. आठ दिवस मिळून दहाएक तास झोपले असेन. डोक्यात मशीन चालू, पायाखालची पट्टी मी दाबत नसले तरी. नवऱ्याने आणि धाकट्या भावाने उचलून डॉक्टरांकडे नेलं. बायपोलर असल्याचं तेव्हा कळलं, म्हणजे मन कधी नको इतकं उसळतं, कधी पार खाली बसतं असा आजार. गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या रात्री मी सलग नऊ तास झोपले. मुलगी शेजारी येऊन झोपली होती तेही मला कळलं नाही. त्या नऊ तासांचे उपकार मी विसरणार नाही.

पण भूक. तिला भूक म्हणावं की नाही मला कळत नाही. जेवून ताट उचलेपर्यंत पोट पुन्हा रिकामं. रात्री अकराला स्वयंपाकघरात उभी राहून मी भडंगाचा डबा संपवायचे, मग शिळी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, मग भाकरी संपली म्हणून नुसती चटणी. दिवा लावायचे नाही. चोरून खाणाऱ्या माणसाला अंधारात डबे बरोबर सापडतात. पुढे एका डॉक्टरांनी समजावलं की हे औषध मेंदूत हिस्टामिनची आणि सेरोटोनिनची काही ठिकाणं अडवून धरतं, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप नीट पोचतच नाही. त्या वेळी मला एवढंच वाटायचं की मी हावरी झाले.

ब्लाउज शिवताना मी दोन्ही बगलांत मिळून तीन इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, ठेवते. बायकांचं अंग वरखाली होतं, हे शिवणारणीला कुणी सांगावं लागत नाही. माझ्या ब्लाउजांची पहिली शिवण मी जानेवारीत उसवली, दुसरी एप्रिलमध्ये. गणपतीपर्यंत माया संपली. मग बगलेत जोड द्यायला लागले. दिवाळीला जोडानेही भागेना. मी गाऊनवर आले.

आपल्याकडे बाईचं वजन वाढलं की सुरुवातीला कौतुकच होतं. 'अंगानं भरलीस', 'बाळसं धरलंय हो', 'धंदा मानवला वाटतं'. गल्लीतल्या एक काकू दर महिन्याला विचारायच्या, "काय गं, गोड बातमी?" एकदा कंटाळून मी "हो" म्हणून टाकलं. ते निस्तरायला पुढचे तीन महिने गेले.

दर दोन महिन्यांनी दाखवायला जायचे तिथे प्रश्न ठरलेले. झोप? चांगली. चिडचिड? नाही. जेवण? भरपूर. कागदावर 'भूक चांगली' असं लिहिलं जायचं, सुधारणेच्या खाली. वजनकाटा त्या खोलीच्या कोपऱ्यात होता, त्याच्यावर फायली ठेवलेल्या असायच्या. मला कुणी उभं केलं नाही आणि मीही म्हटलं नाही की मला त्याच्यावर उभं करा. डोकं ठिकाणावर आलंय, आता अंगाचं काय रडायचं, असं वाटायचं.

२०२२ च्या मेमध्ये दिराचं लग्न होतं. मार्चमध्ये मी शालूवरचा ब्लाउज काढून बघितला. हुक लागणं सोडा, हात बाहीत कोपरापर्यंतच गेला. त्या रात्री मी गोळी घेतली नाही.

कुणाला सांगितलं नाही. पाकिटातून रोज एक गोळी काढायची आणि मशीनच्या ड्रॉवरमधल्या बॉबिनच्या डबीत टाकायची. महिन्याभरात तीन किलो उतरले. सकाळी चारला जाग यायला लागली, मग तीनला, मग दोनला. मला वाटलं, बघा, सुस्ती गेली. एका आठवड्यात बावीस ब्लाउजांच्या ऑर्डरी घेतल्या. एका रात्री तीन वाजता एका वैनींच्या पैठणीचा ब्लाउजपीस कापायला घेतला आणि काहीतरी अपूर्व कट सुचला. सकाळी बघितलं तर पुढचे दोन्ही भाग एकाच बाजूचे. साडीसोबतचं काठाचं कापड ते, दुसरं कुठून आणणार? मी त्यांना अडीच हजार रुपये दिले. वैनी एक शब्द बोलल्या नाहीत. पुन्हा आल्याही नाहीत.

लग्नाच्या आठ दिवस आधी मला दवाखान्यात ठेवलं. बारा दिवस. नवऱ्याने मशीन आवरताना डबी उघडली, त्यात एक्केचाळीस गोळ्या होत्या. एक नातेवाईक म्हणाले, "येरवड्याला न्या तिला." सासूबाईंनी, मी त्यांना आत्या म्हणते, त्यांनी त्या माणसाला चहा दिला नाही. आमच्या घरात यापेक्षा मोठा अपमान नसतो.

तिथून पुढे आम्ही मिरजेच्या एका डॉक्टरीणबाईंकडे जायला लागलो. पहिल्याच वेळी त्यांनी विचारलं, "गोळी का बंद केली?" रागावून नाही. मी पिशवीतून चौथी वही काढून शेवटचं पान दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "हे औषध सुरू करायच्या आधी वजन, कंबर, साखर, चरबी, बीपी बघायचं असतं. नंतर तीन महिन्यांनी पुन्हा. तुम्ही तर अर्धं काम स्वतःच करून ठेवलंय." टेप माझ्या पिशवीत होतीच. टेपच्या एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. इतकी वर्षं मी दुसऱ्या बाजूकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. आपल्याकडच्या बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी, म्हणजे साडेएकतीस इंच, असं त्यांनी दाखवलं. माझी ९२ च्या पुढे. तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ निघाली. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर.

त्या दिवसापासून वजन ही माझ्या लाजेची गोष्ट राहिली नाही, कागदावरची झाली.

आता औषधांचं सांगते, पण मी शिवणारी आहे, डॉक्टर नाही. माझं माप दुसरीला बसत नाही.

लिथियम सुरू झालं, मनाचे चढउतार आवरणारं औषध. ओलान्झापिन एकदम बंद न करता हळूहळू कमी करत आणलं, आणि मध्ये त्याच्याऐवजी ॲरिपिप्राझोल देऊन बघितलं, कारण त्याने वजन फारसं वाढत नाही. माझं वाढलंही नाही. पण पाय! पाय जागेवर ठरेनात. खुर्चीत बसले की उठावंसं वाटायचं, उठले की बसावंसं. स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर. मशीनच्या पट्टीवर पाय ठेवला तर पट्टी आपोआप खडखडायची. मुलगी म्हणाली, "आई, तू कुठं निघालीयस?" पंधरा दिवस काढले आणि फोन केला. यालाही नाव आहे आणि ते औषधाचंच काम आहे, हे कळल्यावर अर्धी भीती गेली. ती गोळी बंद झाली. शेवटी लिथियम, रात्री ओलान्झापिन अडीच मिलिग्रॅम आणि दोन वेळा मेटफॉर्मिन असं बस्तान बसलं. मेटफॉर्मिन मूळची मधुमेहाची गोळी. पहिले चार दिवस पोट पार बिघडलं, मग सरावलं.

लिथियमने हात थरथरायला लागला. बारीक थरथर, लांबून दिसणार नाही. पण सुईत दोरा ओवायला बसा, म्हणजे कळेल. वीस वर्षांत मी न बघता दोरा ओवला असेल, आता दोरा सुईच्या नाकाभोवती प्रदक्षिणा घालत होता. मशीनवरची टीप सरळ यायची, कारण कापड दोन्ही हातांनी दाबलेलं असतं. हातशिलाई जमेना. एका गिऱ्हाइकाला चहा देताना बशी वाजली. "वैनी, बीपी हाय का तुम्हाला?" मी म्हटलं, "हो." बायपोलरपेक्षा बीपी सोपं. डॉक्टरीणबाईंनी आधी दमा आहे का विचारलं, मग प्रोप्रॅनोलॉलची छोटी गोळी दिली. दिवसाचे सहा चहा होते ते दोनवर आणले, त्यानेही बराच फरक पडला. दोरा ओवायचं पातळ तारेचं साधन दहा रुपयांना मिळतं, ते आता गळ्यात टेपसोबत असतं. हुक आणि हातशिलाई समोरच्या वाड्यातली एकजण करते, ब्लाउजमागे वीस रुपये. माझे वीस गेले, तिचा महिन्याचा गॅस निघतो.

आत्यांशी खटका उडाला तो उपवासावरून. आषाढी एकादशीला आमच्याकडे पाण्याचा थेंबही नाही. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तात औषध वाढतं, आणि फार वाढलं तर ते विष. थरथर वाढणं, उलट्या, जुलाब, झोकांड्या ही त्याची लक्षणं. मी आत्यांना सांगितलं की मी उपवास धरणार नाही. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुझा मी धरते. तू पाणी पी." उन्हाळ्यात पत्र्याखाली बसून शिवताना त्याच आता तांब्या आणून ठेवतात आणि रिकामा झाला का बघून जातात. विठोबापेक्षा कडक.

याच कारणासाठी मोबाईलवर येणारे ते 'सात दिवस बिनमिठाचं' वगैरे आहाराचे तक्ते मी उघडत नाही. एका गिऱ्हाइकाने प्रेमाने पाठवला होता, आठ दिवसांत पाच किलो. माझ्यासारखीने तो केला असता तर थेट आयसीयू. कंबर धरली की पूर्वी मी आयब्रुफेन नाहीतर डायक्लोफिनॅक टाकायचे, तेही बंद. त्यानेही लिथियम चढतं. दुखलंच तर पॅरासिटामॉल, आणि औषधाच्या दुकानात आधी सांगायचं की मी लिथियमवर आहे. पहिल्यांदा सांगताना मी आजूबाजूला बघितलं होतं.

रक्ताची तपासणी ठरलेली. रात्री साडेआठला गोळी, सकाळी साडेआठला रक्त, बरोबर बारा तासांनी. सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर. माझी पातळी ०.७ च्या आसपास असते. दर सहा महिन्यांनी किडनी आणि थायरॉइड. गेल्या वर्षी थायरॉइड मंद निघालं, म्हणून आणखी एक गोळी, उपाशीपोटी. सकाळी नाष्ट्याआधी माझ्या तळहातावर रांगोळीचे ठिपके मांडल्यासारखं दिसतं. तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही म्हणून रात्री इसबगोल, आणि नवरा-बायकोतलंही थोडं आहे. ते डॉक्टरीणबाईंना सांगितलंय, इथे नाही सांगत.

वजनासाठी काय केलं असं बायका विचारतात, म्हणून. भडंगाचा डबा घरातून गेला नाही, नवऱ्याला लागतो. तो पोटमाळ्यावर गेला, वह्यांशेजारी. रात्री शिडी लावून वर चढायचा कंटाळा माझ्या भुकेपेक्षा मोठा निघाला. ओलान्झापिन रात्री साडेदहाऐवजी साडेआठला, जेवणाबरोबर घेते, म्हणजे भूक खवळायच्या वेळेला झोप आलेली असते आणि सकाळी सहाला डोळे उघडतात. पूर्वी मुलीचा डबा करताना मी ओट्यावर डोकं टेकून झोपायचे. संध्याकाळी आमराई बागेत चार फेऱ्या. पहिल्या महिन्यात एका फेरीतच बाकावर बसायचे आणि लोकांच्या बाह्या बघायचे, कुणाचा मुंढा चुकलाय ते.

ऑक्टोबर २०२५ : छाती ३८, कंबर ३३½, दंडघेर १२. वजन ६६.

५७ झालं नाही. होईल असं डॉक्टरीणबाईही म्हणत नाहीत. ३४ मापाचे अकरा ब्लाउज मी ट्रंकेत ठेवले होते. गेल्या महिन्यात दहा उसवले आणि मुलीच्या गॅदरिंगसाठी त्यांच्या तुकड्यांचं परकर-पोलकं शिवलं. शालूवरचा तेवढा ठेवलाय. का, ते मलाही सांगता येत नाही.

येत्या मंगळवारी मिरजेला तारीख आहे. वहीत चिठ्ठी घालून ठेवलीय : डाव्या हाताची थरथर थंडीत वाढते का, अडीचची गोळी आणखी कमी होईल का, आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं काय करायचं. शेवटचा प्रश्न आत्यांचा आहे. त्या सोबत येणार आहेत.